प्रकल्प नोंदी: तीन पडदे आणि नंदगडचा अनुस्वार

९ जून २०२५, सोमवार

काकांनी अखेर पैसे सोडले आणि २७ इंची ४के मॉनिटर आला. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या छापखान्यात आता एका टेबलावर तीन पडदे: माझा १४ इंची लॅपटॉप, हा नवा, आणि जुन्या कॉम्प्युटरचा साडेएकवीस इंची, स्टँडवर उभा फिरवलेला. लॅपटॉप आणि जुना दोन्ही १९२० × १०८० ठिपक्यांचे, नवा ३८४० × २१६०.

काम: खानापूर तालुक्यातल्या एका शाळेची अमृतमहोत्सवी स्मरणिका. १६० पानं, सोळा पानी दहा फर्मे (एका तावावर छापून घडी घातलेली पानं म्हणजे एक फर्मा), ५०० प्रती, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या हातात पाहिजेत. जुळणी अक्कांची, मुद्रितं गुरुजी वाचणार. गुरुजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, कागदावरचा बारीक टाइप नको म्हणतात. एवढा मोठा पडदा घेतला तो त्यांच्यासाठीच.

पहिल्याच दिवशी नव्या पडद्यावर माउसचा बाण चिखलातून चालल्यासारखा चालायला लागला. काकांना वाटलं मॉनिटर खराब निघाला. मॉनिटर चांगला होता, लॅपटॉपचं एचडीएमआय (पडद्याची तार जोडायची जागा) १.४ चं निघालं. त्या तारेतून सेकंदाला १०.२ गिगाबिटच्या वर जात नाही, म्हणून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. ६० पाहिजे तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट. लॅपटॉपच्या यूएसबी-सीमधून डिस्प्लेपोर्ट निघतं (सगळ्याच लॅपटॉपच्या निघत नाही, विचारूनच केबल घ्यावी). खडेबाजारात जाऊन केबल आणली. नवा पडदा त्यावर, जुना एचडीएमआयवर. बाण सुटला.

अक्षरं मात्र मुंगीएवढी. उद्या बघू.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. अक्का दुपारनंतर आल्या. तोवर दुकानातल्या पोराने स्वतःच्या डोक्याने उपाय करून ठेवला होता: ४के पडद्याचं रेझोल्यूशन उतरवून २५६० × १४४० केलं. अक्षरं मोठी झाली, पण कडा विरघळल्या. नवीन पडद्यावर जुन्या पडद्याहून वाईट.

त्याला बसवून दाखवलं. पडद्यावर ठिपके ३८४० आहेत ते आहेतच, काचेत बसवलेले. आपण २५६० चं चित्र दिलं की मॉनिटर दोन ठिपक्यांचा माल तीन ठिपक्यांत वाटतो. मधल्या ठिपक्याला ना काळा ना पांढरा, करडा रंग मिळतो. म्हणून रेझोल्यूशनला हात लावायचा नाही, ते नेहमी पडद्याच्या मूळ आकड्यावर. मोठं-लहान करायचं ते ‘स्केल’मधून. तिथं १५० टक्के सांगितलं की विंडोज प्रोग्रामला म्हणतं, तूच अक्षर दीडपट मोठं काढ. प्रोग्राम फॉन्टमधून नव्याने वळण काढतो, काचेवरचा प्रत्येक ठिपका वापरून.

‘सगळे प्रोग्राम ऐकतात काय?’ त्याने विचारलं. पोरगा हुशार आहे. ऐकत नाहीत.

१२ जून, गुरुवार

तिन्ही पडद्यांना कुठला आकडा द्यायचा? अंदाजपंचे करायचं नव्हतं. विंडोजचा १०० टक्के म्हणजे एका इंचाला ९६ ठिपके, हा हिशेब जुना. आपले पडदे मोजले: लॅपटॉपला इंचाला १५७ ठिपके, नव्याला १६३, जुन्याला १०२. म्हणजे १०० टक्क्यांवर जुना जवळजवळ बरोबर, बाकीच्या दोघांवर सगळं आकसलेलं.

मग काकांची स्टीलची पट्टी घेऊन खालचा टास्कबार मोजत बसलो. विंडोज ११ मध्ये तो १०० टक्क्यांना ४८ ठिपके उंच असतो आणि स्केलबरोबर वाढतो, त्यामुळे तिन्ही पडद्यांवर तुलना करायला सोयीचा. नव्यावर १०० टक्क्यांना साडेसात मिमी. लॅपटॉपवर १२५ ला पावणेदहाच्या आसपास. जुन्यावर १०० ला बारा मिमीला थोडा कमी.

काका मागून आले. ‘काय करूलास गा, काचेला पट्टी लावून?’

‘तिन्ही पडद्यांवर एकच माप आणूलोय.’

‘मग तसं सांग की. आम्ही खिळे जुळवायचो तेव्हा पॉइंट म्हणजे पॉइंट होता. मुंबईचा आणि बेळगावचा वेगळा नव्हता.’

बरोबर आहे त्यांचं. बारा पॉइंट म्हणजे शिशात बारा पॉइंटच. काचेवर बारा पॉइंट किती, ते काच ठरवते.

शेवटी बसलेले आकडे: लॅपटॉप १५० (टास्कबार ११.६ मिमी), नवा १५० (११.२), जुना १०० (११.९). अर्ध्या-पाऊण मिमीचा फरक डोळ्याला कळत नाही. खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढली की मध्यावर आल्यावर टुणकन आकार बदलते, पण पलीकडे गेल्यावर माप तेच. पूर्वी ही सोय नव्हती. विंडोज ७ पर्यंत सगळ्या पडद्यांना मिळून एकच आकडा. वेगवेगळा आकडा विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून, आणि नीट चालायला लागलं ते २०१७ च्या सुधारणेनंतर.

एक सापळा लिहून ठेवतो. ‘कस्टम स्केलिंग’ नावाचा रकाना आहे, त्यात १६३ वगैरे मनचा आकडा घालता येतो. तो घातला की सगळ्या पडद्यांना तोच लागू होतो आणि साइन आउट करावं लागतं. पोराने घालून बघितला होता. रकाना रिकामा केला.

१४ जून, शनिवार

आता ‘आजोबां’ची गोष्ट. दुकानातलं जुळणीचं जुनं सॉफ्टवेअर साधारण २००१ सालचं, सगळे त्याला आजोबा म्हणतात. नवं घेता येत नाही असं नाही. पण वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, अहवाल, सगळी त्यातच आणि युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये. गणपती आले की मंडळवाले येऊन ‘मागच्या वर्षीचंच, फक्त तारीख बदला’ म्हणतात. आजोबांना निवृत्त करणं परवडत नाही. मुखपृष्ठ आणि फोटोची पानं नव्या सॉफ्टवेअरमध्ये, मजकुराची पानं आजोबांकडे, अशी वाटणी केली आहे.

गुरुजींना मोठ्या पडद्यावर आजोबा उघडून दिले. ‘धुकं पडलंय’ म्हणाले. आंबोलीच्या घाटातल्यासारखं, हे त्यांचंच.

भिंग काढलं, जे आम्ही प्लेटवरचे ठिपके बघायला वापरतो, आणि काचेला लावलं. नव्या सॉफ्टवेअरमधल्या ‘शाळा’ शब्दाची शिरोरेषा कडक, वर-खाली कापल्यासारखी. आजोबांच्या ‘शाळा’ची शिरोरेषा म्हणजे एक काळी ओळ आणि तिच्या पोटाला चिकटलेली करडी ओळ. कान्याचंही तेच. मराठीला हे इंग्रजीपेक्षा जास्त जाचतं असं मला वाटतं. आपला सगळा शब्द एका आडव्या रेघेला टांगलेला असतो, ती रेघच पुसट झाली की डोकं दुखतं. आणि रेघेच्या वर जे बसतं, अनुस्वार, रफार, वेलांटीचं टोक, ते सगळं दोन-तीन ठिपक्यांचं काम.

कारण मंगळवारचंच, फक्त जागा बदलली. आजोबांच्या जन्मावेळी ‘स्केल’ ही भानगड नव्हती. ते विंडोजला विचारतात, पडदा केवढा? विंडोज त्यांचं मन राखायला सांगतं, इंचाला ९६. आजोबा त्या हिशेबाने पान रंगवतात आणि विंडोज ते तयार चित्र दीडपट ताणून काचेवर लावतं. अक्षर मोठं प्रोग्रामने केलं नाही, विंडोजने ताणलं. धुकं दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: मोठं कोण करतंय?

उपाय सोमवारी करू म्हणून ठेवला. गुरुजी म्हणाले, वाचता येतंय, चालू दे. तिसरा फर्मा त्यांनी तसाच पडद्यावर वाचला. कागदावर प्रूफ काढलं नाही.

१७ जून, मंगळवार

तिसरा फर्मा छापून आला. ५०० ताव, दोन्ही बाजू. घडी घालायला घेतल्यावर गुरुजींनी एक ताव उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि गप्प झाले. पान ४१, इंग्रजांविरुद्ध लढलेल्या रायण्णांवरचा लेख. ‘१८३१ साली नदगड येथे संगोळ्ळी रायण्णांना फाशी देण्यात आली.’

‘नंदगडच्या डोक्यावरचं टिंब कुठं गेलं?’

खानापूर तालुक्यातली शाळा. निम्मे माजी विद्यार्थी त्याच पट्ट्यातले. नंदगडच चुकलं.

चूक पडद्याने केलेली नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. लेखकाने मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये पाठवला होता. तो आजोबांच्या फॉन्टमध्ये आणायला कन्व्हर्टर वापरतो, त्यात टिंब गळालं. पण पडद्यावर ‘नंदगड’ आणि ‘नदगड’ यातला फरक एका करड्या डागाएवढा होता आणि तो डाग प्रत्येकच अक्षरावर होता. गुरुजींच्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही, हे शाळेतल्या चार पिढ्या सांगतील. त्यांना मी धुक्यात बसवलं.

एक प्लेट, ५०० ताव, मशीनचा अर्धा दिवस. काका काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

१८ जून, बुधवार

दिवसभर आजोबांवर प्रयोग. प्रोग्रामच्या आयकॉनवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथं ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ (डीपीआय म्हणजे इंचाला ठिपके). खाली तीन पर्याय.

पहिला, ‘अ‍ॅप्लिकेशन’: विंडोजने ताणायचं नाही, प्रोग्रामला त्याच्या मनाने काढू द्यायचं. अक्षर एकदम कडक. पण आजोबांना स्वतःहून मोठं काढता येत नाही, त्यामुळे मेन्यू आणि हत्यारांची पेटी ४के पडद्यावर मोहरीच्या दाण्याएवढी, एकेक चित्र अडीच मिमी. अक्का म्हणाल्या, ‘ह्यावर काम करायचं तर भिंग मला द्या, तुम्ही की-बोर्ड मारा.’

दुसरा, ‘सिस्टम’: नेहमीचं ताणणं. धुकं.

तिसरा, ‘सिस्टम एनहान्स्ड’: विंडोज जमेल तिथं मजकूर नव्याने, मोठा काढून देतं. हा जुन्या पद्धतीने अक्षरं काढणाऱ्या प्रोग्रामसाठीच आहे, म्हणून आशा होती. मजकूर खरंच सुधारला. पण आमच्याकडे कर्सर अक्षराच्या जागी दिसेना, ओळ लांब झाली की एक अक्षर मागे. वाचायला चालेल, जुळणीला नाही.

मग ट्यूब पेटली. आजोबांना ९६ चा पडदा पाहिजे ना? तो आहेच की आपल्याकडे, जुना साडेएकवीस इंची, १०० टक्क्यांवर. तिथं ताणायला काही उरतच नाही. आजोबा तिकडे हलवले. तिन्ही पर्याय काढून टाकले. भिंग लावलं, शिरोरेषा एक ओळ, कडक.

गुरुजींनी आता आजोबांकडे बघायचंच नाही. अक्का पान लावून पीडीएफ काढतील, ती मोठ्या पडद्यावर उघडायची. पीडीएफ दाखवणारा प्रोग्राम नवा आहे, प्रत्येक पडद्याचं स्केल तो स्वतः पाळतो. शिवाय प्रत्येक फर्म्याचं कागदी प्रूफ निघणार, हा काकांचा हुकूम.

२१ जून, शनिवार

पाऊस लागून राहिलाय. कागद फुगतोय, मशीनवाला वैतागलाय.

कन्व्हर्टरचं त्रांगडं. तो आजोबांएवढा जुना नाही, मधल्या पिढीतला. तो साइन इन करताना मुख्य पडद्याचं स्केल एकदाच विचारून घेतो आणि दिवसभर तेच धरून चालतो. मुख्य पडदा लॅपटॉप, १५० वर, म्हणून लॅपटॉपवर आणि नव्यावर तो स्वच्छ दिसतो. पण काल मी घरून लॅपटॉप नुसता झोपवून आणला आणि इथं तारा जोडल्या. घरी स्केल १२५ ठेवतो. कन्व्हर्टर त्याच १२५ च्या समजुतीत, इकडे १५०, म्हणून पुसट. साइन आउट करून परत आल्यावर सुधारला. पद्धत ठरवली: सकाळी आधी तिन्ही तारा, मग साइन इन. आणि घरीही १५० च.

माउसची अडचण यापेक्षा गमतीची. मोठ्या पडद्यावरून उभ्यावर जाताना बाण मध्येच अडकतो. टेबलावर बघितलं तर उभा पडदा उंच, काच ४७६ मिमी, मोठा ३३६ मिमीच. विंडोज मात्र मिलिमीटर बघत नाही, ठिपके बघतं. त्याच्या नकाशात मोठा २१६० उंच आणि उभा १९२० च, म्हणजे उभाच बुटका. मोठ्याच्या ज्या पट्टीला शेजारी काही नाही तिथं बाणाला भिंत लागते. डिस्प्ले सेटिंग्जमधले चौकोन ओढून दोघांच्या खालच्या कडा जुळवल्या, कारण काम बहुतेक खालच्या भागात असतं. वरच्या २४० ठिपक्यांत अजून अडकतो. विंडोज ११ मध्ये ‘ईझ कर्सर मूव्हमेंट’ची खूण आहे, ती लावल्यावर कोपऱ्यात बाण घसरून पलीकडे जातो. अक्कांना ते आवडलं नाही, ‘बाण परस्पर जातो’. राहू दिलं.

२४ जून, मंगळवार

एक फ्लेक्सवाला गिऱ्हाईक आला, दुकानाची पाटी. वर कन्नड, खाली मराठी, आणि ‘६० टक्के कन्नड बरोबर भरतंय ना, मोजून द्या’. कर्नाटकातल्या पाट्यांच्या नव्या कायद्याचा हिशेब. मी पाटी मोठ्या पडद्यावर दाखवत होतो आणि कोपऱ्यात स्केलचा १५० चा आकडा उघडा होता. त्याने विचारलं, दीडशे टक्के कशाचं? पोरगा म्हणाला, ‘ते इंग्रजीचं.’ दुकान हसलं. पाटी मोजून दिली.

अक्कांची नवी तक्रार: उभ्या पडद्यावर कान्यांना गुलाबी-निळी किनार दिसते. बरोबर आहे. पडद्याचा एकेक ठिपका म्हणजे शेजारी शेजारी लाल, हिरवी, निळी पट्टी. विंडोजचं क्लिअरटाइप त्या पट्ट्या वेगवेगळ्या पेटवून अक्षराची उभी कड गुळगुळीत करतं. पडदा उभा फिरवला की पट्ट्या एकावर एक येतात आणि हिशेब चुकतो. क्लिअरटाइपच्या ट्यूनरमध्ये त्या पडद्याचे नमुने निवडले. रंग कमी झाला, गेला नाही. उपाय एकच, पडदा आडवा करणं. अक्कांना पूर्ण पान एका नजरेत पाहिजे, त्यामुळे निर्णय त्यांच्यावर सोडला. (नंतरची भर: दोन दिवस विचार करून गुरुवारी त्यांनी स्वतःच आडवा केला.)

२८ जून, शनिवार

दुपारी लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर, बाकी दोन पडदे मेले. सगळ्या खिडक्या लॅपटॉपवर येऊन एकमेकींच्या अंगावर पडल्या आणि आजोबा १५० टक्क्यांत, म्हणजे पुन्हा धुक्यात. लाइट आल्यावर बऱ्याचशा आपापल्या जागी परतल्या (‘रिमेंबर विंडो लोकेशन्स’ची खूण लावलेली आहे). आजोबा परतले नाहीत. विंडोजची कळ, शिफ्ट आणि बाण, तिन्ही एकदम दाबली की खिडकी पुढच्या पडद्यावर जाते. अक्कांना शिकवली. आता त्या माउसने ओढतच नाहीत.

सहा फर्मे छापून झाले. अनुस्वार सगळे जागेवर. जांबोटी आणि लोंढा, ही गावांची नावं मी स्वतः दोनदा बघितली.

३ जुलै, गुरुवार

गुरुजी मोठ्या पडद्यापासून लांब बसतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पट्टीने काच मोजली, पण खुर्ची मोजली नाही. लॅपटॉप माझ्यापासून हातभर, गुरुजींची खुर्ची जवळजवळ दोन हात मागे, कारण चष्मा लांबचा. काचेवर माप सारखं असून त्यांना लहानच दिसणार. १७५ केलं, टास्कबार १३ मिमी. जागा कमी होते: १५० ला पडद्यावर २५६० × १४४० एवढा पसारा मावतो, १७५ ला २१९४ × १२३४ च्या आसपास. त्यांना एका वेळी एकच पान वाचायचंय, पसारा कशाला?

म्हणाले, ‘आता कागदासारखं वाटतंय.’ मग छापील पान काचेला लावून बघितलं आणि म्हणाले, कागदाहून मोठं आहे. ते बघणारच.

कन्व्हर्टर आता मोठ्या पडद्यावर पुसट दिसतो. त्याला लॅपटॉपवरच ठेवायचं.

८ जुलै, मंगळवार

रविवारी आषाढी, काल अर्धं दुकान बंद. आज नववा फर्मा घडीला, दहावा मशीनवर.

लॅपटॉपच्या झाकणावर आतून चिठ्ठी चिकटवली: लॅपटॉप १५०, गुरुजी १७५, आजोबा १००. खाली पोराने पेनने लिहिलंय, ‘आधी तारा, मग साइन इन’. त्याच्याखाली काकांच्या अक्षरात, ‘आणि कागदी प्रूफ’.

बाकी राहिलेलं: काकांना आता त्यांच्या विंडोज ७ च्या जुन्या कॉम्प्युटरलाही दुसरा पडदा पाहिजे. तिथं सगळ्यांना मिळून एकच आकडा. सारख्याच मापाचा जुना पडदा मिळाला तर बघायचं, नाहीतर नाही म्हणून सांगायचं. आज सांगत नाही, मशीनवाला मुखपृष्ठाची प्लेट मागूलाय.